वाळूतले झारेकरी

वादळाची सूचना आली की फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरची संसारी माणसं खिडक्यांना प्लायवूड ठोकतात, पाण्याच्या बाटल्यांचे खोके घरात आणून ठेवतात आणि पेट्रोलपंपावर रांग लावतात. त्याच गावात त्याच वेळी आणखी एक जमात बॅटऱ्या चार्जिंगला लावत असते. टीव्हीवरची बाई 'घरं सोडा हो' म्हणून कळवळून सांगत असते आणि ही मंडळी वारा कुठल्या दिशेचा, लाटा किती उंच, किनाऱ्याची वाळू नेमकी कुठे कापली जाणार याचा हिशेब मांडत बसतात. वादळ जितकं थोर तितका यांचा चेहरा खुललेला. ते ओसरलं की शेजारी आपलं छप्पर शोधायला बाहेर पडतो आणि हे तीनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजांतली नाणी शोधायला.

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईबापांना नेमून दिलेली कामं दोनच: सकाळी फिरून येणं आणि दुपारी झोप लागली नाही म्हणून सांगणं. माझी मुलगी व्हेरो बीचजवळ राहत असल्यामुळे यातलं पहिलं काम मला समुद्रावर करता आलं आणि ही जमात जवळून बघता आली. "बाबा, त्यांच्याशी बोलायला जाऊ नका हं, त्यांना एकटं राहायला आवडतं," असं मुलीने आधीच बजावलं होतं. म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी नक्की आहे, हे मी ताडलं.

त्यांचं हत्यार म्हणजे मेटल डिटेक्टर. एक दांडा, वरच्या टोकाला कोपर अडकवायची खोबण आणि छोटासा पडदा, खालच्या टोकाला फूटभर व्यासाचं चपटं कडं. ते कडं वाळूपासून दोन बोटं वर धरून, आरती ओवाळावी तसं डावीकडून उजवीकडे नि उजवीकडून डावीकडे फिरवत माणूस पुढे सरकतो. कानांवर हेडफोन, मानेवर पडदी सोडलेली टोपी, गुडघ्यांना पट्टे. वय बहुधा साठीच्या पुढे. समोर सूर्य उगवत असतो, पेलिकन पक्ष्यांची रांग लाटांना घासत जात असते, तरुण पोरं-पोरी पळत असतात. याची नजर पायाखालच्या वाळूवर. समुद्रावर रोज येऊन समुद्राकडे न पाहणारी माणसं मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

मी ज्याच्या मागे राहिलो त्या म्हाताऱ्याच्या कानात काहीतरी वाजलं आणि तो थबकला. कडं त्या जागेवरून आडवं फिरवलं, उभं फिरवलं, मग बुटाच्या टोकाने वाळूवर फुली मारली. त्याच्या दुसऱ्या हातात लांब दांड्याचं, भोकाभोकांचं स्टीलचं खोल फावडं होतं. त्याला ते स्कूप म्हणतात. मागून पायाने दाब देऊन त्याने ते वाळूत घुसवलं, उचललं, हलवलं. ओली वाळू भोकांतून ओघळून गेली. आत दोन शिंपले. कडं पुन्हा खड्ड्यावर धरलं. आवाज अजून खड्ड्यातच होता. पुन्हा स्कूप, पुन्हा शिंपले. तिसऱ्यांदा हलवताना आतून खण्ण असा आवाज आला आणि माझ्यासकट आजूबाजूच्या दोन-चार रिकामटेकड्यांनी माना पुढे काढल्या. म्हाताऱ्याने दोन बोटांनी वस्तू उचलली, पँटला पुसली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेली.

बिअरच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी.

तो निराश झाला म्हणाल तर छे! त्याने ती शांतपणे कमरेच्या डाव्या पिशवीत टाकली आणि खड्डा पायाने नीट बुजवला. कमरेला दोन पिशव्या असतात, डावी कचऱ्याची आणि उजवी मुद्देमालाची. डावी चांगली मांडीपर्यंत लोंबत होती. उजवीची चेन त्या दिवशी तरी उघडली नाही. निघालेला कचरा परत वाळूत टाकायचा नाही आणि खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे या पंथाचे दोन कडक नियम. आपल्याकडच्या रस्ते खोदणाऱ्या कंत्राटदारांना महिनाभर या मंडळींच्या हाताखाली उमेदवारीला पाठवायला हरकत नाही. विमानाचं भाडं आपण वर्गणी काढून देऊ.

किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस त्यांना एकच प्रश्न विचारतो, "काही सापडलं का?" उत्तरही एकच, "थोडी चिल्लर." दिवसभर काहीच न सापडलेला चिल्लर म्हणतो आणि खिशात हिऱ्याची अंगठी असलेलाही चिल्लर म्हणतो. उत्पन्नाच्या बाबतीत इतकी एकवाक्यता मी फक्त आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत पाहिली आहे. जागा कुठली, हे तर विचारायचंच नाही. विचारलं तर ते हात लांबवून पंधरा-वीस मैलांचा किनारा दाखवतात.

आता हे लोक वेडे आहेत असं म्हणायची सोय नाही, कारण या किनाऱ्याचं रूढ नावच मुळी 'ट्रेझर कोस्ट' आहे आणि ते हॉटेलवाल्यांनी उगीच काढलेलं नाही. २४ जुलै १७१५ रोजी अकरा स्पॅनिश जहाजं आणि सोबत एक फ्रेंच जहाज असा काफिला क्यूबाच्या हवानाहून स्पेनकडे निघाला. पोटात अमेरिका खंडातून गोळा केलेली चांदी, सोनं आणि राजा पाचवा फिलिप याच्या नव्या राणीसाठी म्हणून सांगितले जाणारे दागिने. ३१ जुलैच्या पहाटे वादळाने अकराच्या अकरा स्पॅनिश जहाजं या किनाऱ्यावर आपटून फोडली. फ्रेंच जहाज तेवढं निसटलं. हजाराच्या आसपास माणसं मेली. खजिन्याच्या गोष्टीत हा आकडा नेहमी डॉलरच्या आकड्यानंतर येतो. वाचलेल्यांनी किनाऱ्यावर तळ दिला, स्पेनने पाणबुडे पाठवून बराच माल उपसला, आणि उपसून ठेवलेल्या मालावर हेन्री जेनिंग्ज नावाच्या चाच्याने येऊन डल्ला मारला. पाण्यात उतरण्यापेक्षा पाण्यातून वर आलेल्यांना गाठणं सोयीचं, हे त्याला सर्वांत आधी कळलं.

मग दोनशे वर्षांहून जास्त काळ सगळं विस्मरणात गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सेबॅस्टियन गावात किप वॅग्नर नावाचा घरं बांधणारा साधा कंत्राटदार होता. त्याला वादळानंतर वाळूत काळी, वेडीवाकडी नाणी सापडू लागली. चांदी समुद्रात राहिली की काळी पडते. न ओळखणाऱ्याने अशी नाणी पाण्यावर भाकऱ्या काढायला फेकली तरी त्याला दोष देता येणार नाही. वॅग्नरच्या लक्षात आलं की या नाण्यांत १७१५ नंतरचं एकही नाही. त्याने सैन्याच्या मोडीतलं, सुरुंग हुडकायचं एक यंत्र १५ डॉलरना पैदा केलं आणि किनाऱ्यालगतच्या झाडीत फिरवायला सुरुवात केली. तोफगोळे निघाले, जहाजांचे खिळे निघाले, हिरा जडवलेली सोन्याची अंगठी निघाली. स्पॅनिश तळाची जागाच त्याला लागली होती. १९६५ च्या जानेवारीत नॅशनल जिऑग्राफिकने त्याची हकिकत छापली, आणि तेव्हापासून या किनाऱ्यावर खाली मान घालून एकटा चालणारा माणूस प्रेमभंग झालेलाच असेल असं सांगता येत नाही.

वॅग्नरच्या नात्यातल्या एका मुलाला किनाऱ्यावर सापडलेली सोन्याची साखळी मात्र खास आहे. अकरा फुटांहून लांब, दोन हजारांवर बारीक कड्या, आणि लोलक म्हणून सोन्याचा ड्रॅगन. हा ड्रॅगन शिट्टीसारखा वाजतो. त्याच्या पाठीतून दातकोरणं बाहेर निघतं आणि शेपटीचं कानकोरणं होतं. १९६७ साली लिलावात त्याला ५०,००० डॉलर आले. आमच्या आजोबांकडे जानव्याला अडकवलेलं चांदीचं कानकोरणं होतं. आजी ते सगळ्यांसमोर काढू देत नसे. स्पॅनिश दरबारातल्या बायकांनी ही बाब किती सोसली होती, याची इतिहासकारांनी दखल घ्यायला हवी.

किनाऱ्यापासून आत, पाण्याखाली, अजूनही माल निघतो. २०१५ च्या जुलैच्या अखेरीस, म्हणजे वादळाला बरोबर तीनशे वर्षं होत असताना, पाणबुड्यांच्या एका तुकडीला साडेतीनशेच्या आसपास सोन्याची नाणी मिळाली आणि किंमत ४५ लाख डॉलर सांगितली गेली. दक्षिणेला की वेस्टच्या समुद्रात १६२२ साली बुडालेलं 'अतोचा' जहाज मेल फिशर नावाच्या माणसाने सोळा वर्षं शोधलं. 'आजच तो दिवस' हे तो रोज सकाळी सगळ्यांना म्हणायचा. शोध चालू असताना १९७५ साली त्यांची बोट उलटून त्याचा मुलगा आणि सून बुडाले. तरी तो म्हणतच राहिला. २० जुलै १९८५ ला तो दिवस खरोखर उजाडला. या माणसाबद्दल विनोद करायला माझी जीभ वळत नाही. पण त्याच्या त्या तीन शब्दांनी फ्लॉरिडातल्या किती पेन्शनरांच्या बायकांना पहाटे साडेपाचला कॉफी करायला उठवलं असेल, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

यंत्राचं तत्त्व शाळेतल्या भौतिकशास्त्रातलं आहे. कड्यातल्या तारेतून बदलता विद्युत्प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र वाळूत शिरतं, तिथे धातू असला तर त्यात बारीक भोवरे उठावेत तसे प्रवाह निर्माण होतात, आणि त्यांचं उलट येणारं क्षेत्र टिपून यंत्र कानात सूर काढतं. अडचण अशी की यंत्राला धातू कळतो, त्याची किंमत कळत नाही. या यंत्राचा पहिला गाजलेला प्रयोग याच कारणाने फसला. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः जुळवलेलं यंत्र घेऊन हजर झाले. अध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवलं तर जिथे-तिथे गुणगुणू लागलं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या! त्यातून गोळी उजवीकडेच आहे असं मुख्य डॉक्टरांचं ठाम मत, म्हणून डावी बाजू धड तपासूच दिली नाही. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले, तेही गोळीपेक्षा जखमेत न धुतलेली बोटं घालून झालेल्या संसर्गाने, असं आता मानलं जातं.

बेलच्या यंत्राला गादी नडली, आजच्या यंत्राला समुद्र नडतो. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते. स्वस्तातलं यंत्र लाटेजवळ नेलं की अख्खा अटलांटिक सोन्याचा असल्याच्या थाटात ते बोंब मारतं. खाऱ्या पाण्यात शहाणपणाने वागणारी यंत्रं मिळतात, पण त्यांची किंमत हजार-दीड हजार डॉलरपर्यंत जाते. लोखंडाकडे दुर्लक्ष करायला यंत्राला शिकवता येतं. पडद्यावर प्रत्येक वस्तूचा आकडा येतो, तो बघून खणायचं की नाही ते ठरवायचं. इथपर्यंत विज्ञानाची प्रगती. पण सोन्याची नाजूक अंगठी आणि बिअरच्या डब्याची कडी यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. कडी नको म्हणून तो आकडा गाळायला सांगितला तर अंगठीही गाळली जाते. त्यामुळे हजार डॉलर मोजून झाल्यावरही दरवेळी कमरेत वाकावं लागतं ते लागतंच.

या कडीमागे एक थोर पुरुष आहे. ओहायो राज्यातल्या डेटनचा अर्मल फ्रेझ १९५९ साली सहलीला गेला असताना डबा उघडायचं हत्यार घरी राहिलं आणि त्याला मोटारीच्या बंपरवर डबा फोडून बिअर प्यावी लागली. आपण बायकोला चार शब्द सुनावून मोकळे झालो असतो. त्याने ओढून काढायची कडी शोधून काढली. १९६३ साली पेटंट मिळालं. पुढची दहा-बारा वर्षं अमेरिकन माणूस समुद्रावर यायचा, डबा उघडायचा, कडी वाळूत फेकायचा आणि क्षितिजाकडे बघत बसायचा. १९७५ च्या सुमाराला डॅनियल कडझिकची डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली आणि ही लागवड मंदावली. पण पेरलेलं सगळं वाळूतच आहे, कारण ॲल्युमिनियमला लोखंडागत गंज चढत नाही. स्पेनच्या राजाने या किनाऱ्यावर एकदाच अकरा जहाजं रिकामी केली. फ्रेझने वर्षानुवर्षं, रविवारचा दिवस न चुकवता, पेरणी करवली. आणखी तीनशे वर्षांनी इथे खणणाऱ्यांना वाटेल की विसाव्या शतकातल्या अमेरिकेचं चलन बहुधा हेच असावं.

खरं सोनं निघतं ते राजाराणीचं नसतं, नवऱ्यांचं असतं. पाण्यात बोटं आकसतात, सनस्क्रीनने निसरडी होतात, त्यात बॉल पकडायला हात झटकला की अंगठी गेली. जाणकार लोक म्हणूनच गलबतांच्या नकाशांपेक्षा टॉवेल कुठे पसरले होते नि व्हॉलीबॉलची जाळी कुठे होती याकडे लक्ष ठेवतात. एका संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत एक तरुण चार पायांवर रांगत, बोटांनी वाळू उकरताना दिसला. बाजूला त्याची बायको हातांची घडी घालून उभी होती. काय हरवलं ते तिच्या उभं राहण्यातूनच परदेशातल्या माणसालाही कळत होतं. आमचा कडीवाला म्हातारा हेडफोन गळ्यात उतरवून तिकडे गेला. आधी त्याने नवऱ्याला उठवून लांब उभं केलं, कारण तो अंगठी आणखी खाली ढकलत होता. मग विचारलं, "कुठे पडली?" नवरा म्हणाला, इथे. बायको म्हणाली, तिथे. म्हातारा एक शब्द न बोलता बायकोने दाखवलेल्या जागेकडे गेला. अनुभवी माणूस!

एक कडी निघाली, एक नाणं निघालं, आणखी एक कडी निघाली, आणि मग सोन्याची जाड अंगठी स्कूपच्या तळाशी दिसली. नवऱ्याने बोट पुढे केलं. अंगठी बायकोने उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. म्हाताऱ्याला देऊ केलेले पैसे त्याने घेतले नाहीत. पण तो इतका खुशीत होता की माझ्याकडे वळून त्याने आपण होऊन उजवी पिशवी उघडली. आत चिल्लर होतीच. शिवाय एका कानातलं डूल, दोन किल्ल्या, चाकं गेलेली खेळण्यातली मोटार आणि धातूची तार बसवलेली अर्धी कवळी. कवळी कुणाची असेल, तिच्याविना तो किंवा ती घरी जाऊन काय जेवली असेल, याचा आम्ही दोघांनी थोडा वेळ आदराने विचार केला.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या सौ.नी विचारलं, "मशीन केवढ्याचं?" मी सांगितलं. "त्या पैशात सराफाकडे जाऊन वळं घेतलं असतं की! पावतीसकट. मोडायला गेलं तर पैसेही आले असते." या मुद्द्याला फ्लॉरिडात कुणाकडेच उत्तर नाही. शिवाय सोनं अंगावर घालून समुद्रात शिरायचं ही कल्पनाच आपल्याकडे बसत नाही. गणपतीपुळ्याला गेलेली मराठी बाई दागिने खोलीवर, नाही तर सासूच्या पिशवीत ठेवून येते, आणि पाण्यात जाते ती घोट्यापर्यंत, साडी वर धरून. तिथल्या वाळूत यंत्र फिरवलं तर सोडा बाटल्यांची बुचं निघतील. आपलं सोनं समुद्रात गेलंच तर ते विसर्जनाच्या दिवशी, गणपतीच्या गळ्यातला हार काढायचा राहून गेला म्हणून. तेव्हा मात्र अख्खं कुटुंब रात्रभर चौपाटीवर बसून असतं, आणि हार कुणी काढायचा ठरलं होतं यावर पुढच्या गणपतीपर्यंत चर्चा चालते.

पण धुळीतून सोनं वेचायची विद्या आपल्याला नवी नाही. झवेरी बाजारात, कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांच्या दारासमोरची धूळ झाडून नेणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. कानशीने घासताना उडालेले कण, कपड्यांना नि चपलांना चिकटून बाहेर आलेली सोनेरी भुकटी ते पाटीत घेऊन पाण्याने धुतात आणि त्यातून सोनं काढतात. त्यासाठी काही जण सोनाराला धुळीचे पैसेही मोजतात. झारेकऱ्याला यंत्र लागत नाही, सोनाराचा उंबरा त्याला पाठ असतो. हौस म्हणून कोणी झारेकरी झाल्याचं ऐकिवात नाही, आणि त्याला थांबवून "काही सापडलं का?" असंही कोणी विचारत नाही. नाशिकला रामकुंडात मुलं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांनी टाकलेली नाणी वर काढतात. रुपया-दोन रुपयांची नवी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची झाली, हा सरकारने त्या मुलांवर नकळत केलेला उपकारच. फ्लॉरिडाच्या म्हाताऱ्याला ही सोय नाही. सोनं आणि चांदी दोन्ही चुंबकाला भीक घालत नाहीत.

आणि आपलं गुप्तधन! पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं म्हणून त्याला रानात नेणारे, मांडूळ सापाची जोडी मिळवण्यासाठी घर गहाण टाकणारे लोक याच महाराष्ट्रात आहेत. गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार थांबवायला आपल्याला २०१३ साली कायदा करावा लागला. त्या मानाने हजार डॉलर घालवून बिअरच्या कड्या गोळा करणं हा अतिशय सुसंस्कृत छंद आहे. कुणाचा बळी जात नाही, आणि किनारा फुकटात झाडला जातो.

त्या म्हाताऱ्याची खरी तक्रार मात्र नगरपालिकेविषयी, म्हणजे तिथल्या काउंटीविषयी निघाली. वादळाने किनारा झिजला की सरकार लाखो डॉलर खर्चून दुसरीकडची वाळू आणून किनाऱ्यावर ओतते. झालं, वादळाने मोठ्या कष्टाने उघडी केलेली १७१५ ची पातळी पुन्हा चार-पाच फूट खाली! सरकारी कामाने आपलं नुकसान कसं झालं हे तो सांगत होता तेव्हा मला अगदी घरी असल्यासारखं वाटलं. त्यात मार्च ते ऑक्टोबर समुद्री कासवांचा हंगाम. अंड्यांच्या घरट्यांभोवती खुंट्या नि फिती लागतात, तिकडे फिरकायचं नाही. रात्री शेकडो किलो वजनाच्या कासविणी येऊन वाटेल तिथे खड्डे खणतात. त्यांना कोणी परवाना विचारत नाही, त्या अंडी घालून निघून जातात. खड्डे मात्र त्याही बुजवतात, हे कंत्राटदारांसाठी पुन्हा एकदा नमूद करतो.

परवान्यांचं प्रकरण देशोदेशी मजेचं आहे. फ्लॉरिडात सार्वजनिक किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्या आणि पाणी यांच्यामधल्या पट्ट्यात यंत्र फिरवायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. बुडालेल्या जहाजांच्या मागे पाण्यात उतरायचं म्हटलं की कोर्ट, राज्य सरकार आणि परवानाधारक पाणबुडे आडवे येतात. राज्याच्या मालकीच्या जागेत पन्नास वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू सापडली तर ती राज्याची. हे ऐकल्यावर मी किनाऱ्यावर एका जागी फार वेळ बसणं सोडलं. इंग्लंडचा १९९६ चा कायदा आणखी सूक्ष्म. तीनशे वर्षांपूर्वीचं सोन्याचं एकच नाणं सापडलं तर तो सहसा खजिना होत नाही. एकाच जागी दोन सापडली की होतो. म्हणजे तिथे दुसरं नाणं सापडल्यावर माणूस आनंदाने उडी मारतो की कपाळाला हात लावतो, हे त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून.

आपल्याकडे ही गुंतागुंत नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे सापडलं आणि कधी. ठेवा सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा जामीन द्यायचा. मालक नाही असं ठरलं तर सर्वसाधारणपणे तीन वाटे शोधणाऱ्याला आणि चौथा जागेच्या मालकाला. कळवलं नाही तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांत १८७८ साली काय काय येत होतं कोण जाणे, आज जुहूला भेळेची पुडीही येत नाही. तरी मर्यादा तीच आहे. तेव्हा चौपाटीवर फिरताना वाळूत खोल रुतलेलं वीस रुपयांचं नाणं पायाला लागलं तर खिशात टाकण्याआधी जरा विचार करा. दहाचं असेल तर खुशाल घ्या. कायदा दहाच्या वरच्यांना आहे.